लो-कोड की कोड लिहून? बिझनेस अ‍ॅप्सच्या कामात नवीन येणाऱ्यांसाठी

मी पुण्यात राहते आणि चाकण, भोसरी, रांजणगाव या पट्ट्यातल्या मधल्या आकाराच्या कंपन्यांसाठी अ‍ॅप्स बनवते, म्हणजे गेट पास, मशीन ब्रेकडाउन, जॉबवर्क, स्टोअर, असली सगळी आतली कामं. काही अ‍ॅप्स लो-कोडमध्ये, म्हणजे तयार तुकडे ओढून-जोडून, कमीत कमी कोड लिहून केलीत, काही पहिल्या ओळीपासून कोड लिहून केलीत, आणि दोन्ही कामं मला मनापासून आवडतात. नवीन मुलंमुली भेटली की एकच प्रश्न येतो, ताई काय शिकू, पॉवर अ‍ॅप्स (मायक्रोसॉफ्टचं लो-कोड टूल) की पायथन (प्रोग्रामिंगची भाषा), कशाला स्कोप आहे. माझं म्हणणं असं की प्रश्न टूलपासून सुरू केला की गाडी तिथेच अडकते. आधी त्या कामाचे नियम किती गुंतागुंतीचे आहेत ते बघा, आकडा चुकला तर कोणाचं काय बिघडतं ते बघा, टूल त्यावरून ठरतं.

लो-कोड हे नाव 2014 च्या सुमारास फॉरेस्टर या संशोधन कंपनीच्या रिपोर्टमधून रूढ झालं, पण प्रकार काही नवीन नाही. आपल्याकडे कितीतरी पतसंस्था, कारखाने, ट्रेडर्स वर्षानुवर्षं जुन्या डेटाबेस टूल्सवर, म्हणजे फॉक्सप्रो आणि अ‍ॅक्सेसवर चाललेत, तेव्हाही फॉर्म ओढून ठेवायचा, टेबल जोडायचं, रिपोर्ट काढायचा हेच होतं. आता तेच ब्राउझरमध्ये आणि मोबाइलवर आलंय, एवढाच फरक म्हणा ना. अशा टूल्सपैकी झोहो क्रिएटर 2006 पासून आहे, अ‍ॅपशीट 2020 मध्ये गुगलने घेतलं, मेंडिक्स 2018 मध्ये सीमेन्सने विकत घेतलं, म्हणजे हे खेळणं नाही, मोठ्या कंपन्या यावर पैसे लावतायत.

लो-कोड कुठे शोभतं ते आधी सांगते. एका प्लँटमध्ये गेज कॅलिब्रेशनचं (मोजायची साधनं बरोबर दाखवतात का ते तपासण्याचं) रजिस्टर एक्सेलमध्ये होतं, शेअर्ड फोल्डरमध्ये, आणि त्याच्या चारपाच कॉप्या फिरत होत्या. कोणता गेज कधी ड्यू आहे हे क्वालिटीच्या एका माणसाच्या डोक्यात. कंपनीकडे मायक्रोसॉफ्ट 365 आधीपासून होतंच, मग शेअरपॉइंट लिस्ट (ऑनलाइन टेबल), वर पॉवर अ‍ॅप्सचा फॉर्म, आणि ड्यू डेटच्या आधी मेल जायला पॉवर ऑटोमेट. संपलं. यात खरी मजा वेगाची नाहीये, मजा ही आहे की क्वालिटीवाले काका शेजारी बसून म्हणतात हे फील्ड वर घ्या, इथे फोटो पाहिजे, आणि ते त्यांच्या समोरच बदलतं, तिथल्या तिथे ते हो किंवा नाही म्हणतात. कोड लिहून करताना हेच मिटिंग, डॉक्युमेंट, पुढच्या आठवड्यात डेमो असं जातं आणि तोपर्यंत काकांचा उत्साह गेलेला असतो. फॉर्म भरायचा, कोणीतरी अ‍ॅप्रूव्ह करायचा, शेवटी यादी किंवा रिपोर्ट बघायचा, एवढंच काम असेल तर कोड लिहीत बसू नका, खरंच.

आता जॉबवर्क घ्या, म्हणजे आपल्या मालावरचं काम बाहेरच्या व्हेंडरकडून करून घेणं. हे जरा सविस्तर सांगते कारण इथेच सगळं कळतं. कंपनी 1000 कास्टिंग मशीनिंगला व्हेंडरकडे चलनावर (मालासोबत जाणाऱ्या पावतीवर) पाठवते. परत येताना 600 येतात, त्यात 15 रिजेक्ट, उरलेले व्हेंडरकडेच. कधी तो व्हेंडर माल परत न आणता थेट दुसऱ्याकडे प्लेटिंगला पाठवतो. जाताना वजन किलोमध्ये, येताना नग. एका इनवर्डमध्ये (आत आलेल्या मालाच्या नोंदीत) तीन जुन्या चलनांचा माल मिसळलेला. आणि हे नुसतं स्टोअरच्या सोयीसाठी नसतं, जीएसटी कायद्याच्या कलम 143 प्रमाणे जॉबवर्कला दिलेला कच्चा माल 1 वर्षात परत यायला लागतो, कॅपिटल गुड्स 3 वर्षांत, नाही आला तर पाठवला त्याच दिवशी सप्लाय झाला असं धरतात आणि टॅक्स व्याजासकट लागू शकतो. डाय, फिक्स्चर, टूल्स यांना मात्र ती 3 वर्षांची मुदत नाही. वर आयटीसी-04 फॉर्म भरायचा, 5 कोटींच्या वर टर्नओव्हर असेल तर सहामाही, नाहीतर वर्षाला. म्हणजे कुठल्या चलनाचे किती नग किती दिवस बाहेर आहेत, हा आकडा अचूकच पाहिजे, अंदाजे चालत नाही.

हे शेअरपॉइंट लिस्टवर पॉवर अ‍ॅप्समध्ये करायला जा. स्क्रीन मस्त होतात. पण तिथे डेलिगेशन नावाची गोष्ट आहे, नवीन माणसाने पहिल्या आठवड्यात शिकावी अशी. जो हिशोब डेटा सोर्सला स्वतःला करता येतो तो तिकडे पाठवला जातो, जो येत नाही त्यासाठी अ‍ॅप पहिल्या 500 ओळी खाली ओढतं आणि तेवढ्यावरच हिशोब करतं, सेटिंगमध्ये हा आकडा 2000 पर्यंत वाढतो, त्याच्या पुढे नाही. शेअरपॉइंटवर बेरीज डेलिगेट होत नाही. म्हणजे ओळी 2000 च्या पुढे गेल्या की व्हेंडरकडचा शिल्लक आकडा चुकायला लागतो, आणि वापरणाऱ्याला कुठलीही एरर दिसत नाही! अ‍ॅप बनवणाऱ्याला वॉर्निंग दिसते, स्टोअरकीपरला फक्त एक व्यवस्थित दिसणारा चुकीचा आकडा दिसतो. मला या धंद्यात सगळ्यात जास्त भीती याचीच वाटते, बंद पडलेलं अ‍ॅप लगेच कळतं, चुकीचं बोलणारं अ‍ॅप मार्चएंडला कळतं. शिवाय दोन जणांनी एकाच चलनावर एकाच वेळी इनवर्ड मारलं तर एक तर दोन्ही नोंदी नीट व्हायला पाहिजेत नाहीतर एक थांबायला पाहिजे, त्याला डेटाबेसचं ट्रान्झॅक्शन (सगळं एकत्र होतं नाहीतर काहीच होत नाही, अशी सोय) लागतं आणि ते शेअरपॉइंट लिस्टमध्ये मिळत नाही. डेटाव्हर्स, म्हणजे मायक्रोसॉफ्टचाच डेटाबेस, घेतलं तर यातलं बरंच सुटतं, पण ते प्रीमियम लायसन्समध्ये येतं. अशी कामं मी पोस्टग्रेएसक्यूएल (डेटाबेस) आणि जँगोमध्ये (पायथनचं वेब फ्रेमवर्क) करते, नियम पायथनमध्ये, प्रत्येक नियमाला टेस्ट, आणि टेस्टचे आकडे स्टोअरमधल्या खऱ्या चलनांवरूनच घेतलेले.

यात मधला एक रस्ता आहे जो कॉलेजात कोणी सांगत नाही. फ्रॅपे फ्रेमवर्क, मुंबईतल्या कंपनीचं, ओपन सोर्स, ईआरपीनेक्स्ट, म्हणजे कंपनीचा सगळा कारभार चालवणारं सॉफ्टवेअर, त्याच्यावरच उभं आहे. तिथे तुम्ही डॉकटाइप (एका प्रकारच्या नोंदीची रचना) बनवला की फॉर्म, यादी, परमिशन, एपीआय (दुसऱ्या सॉफ्टवेअरला जोडायची सोय) आपोआप मिळतं, आणि अवघड नियम आला की खाली सरळ पायथन लिहायचं. ईआरपीनेक्स्टमध्ये सबकॉन्ट्रॅक्टिंग, म्हणजे जॉबवर्कच, तयार आहे, त्यामुळे स्वतः काही बांधण्याआधी ते क्लायंटच्या कामाला बसतंय का ते बघायचं, मी आधी तेच बघते.

पैशाचा हिशोब नवीन लोक टाळतात, टाळू नका, मॅनेजर पहिला तोच विचारणार. पॉवर अ‍ॅप्स प्रीमियमची लिस्ट प्राइस माणशी महिना 20 डॉलर. ऑफिसातली 10 माणसं असतील तर काहीच वाटत नाही, पण शॉप फ्लोअरवरच्या 200 जणांना लॉगिन द्यायचं ठरलं की महिन्याला 4000 डॉलर, वर्षाला 48,000. मोठ्या ऑर्डरला भाव उतरतो तो भाग वेगळा. आणि एसक्यूएल सर्व्हरला जोडणारा कनेक्टरसुद्धा प्रीमियममध्येच मोडतो, हे बऱ्याच ठिकाणी अ‍ॅप तयार झाल्यावर लक्षात येतं. कोड लिहून केलेल्या अ‍ॅपला माणशी भाडं नाही, पण सर्व्हर, बॅकअप, अपडेट आणि एएमसी (वर्षाचा देखभाल करार) आहे, आणि तो खर्च कोटेशनमध्ये स्पष्ट लिहा, फुकट काहीच नसतं.

बाहेर पडायची वाटही बघून ठेवा. गुगलचं लो-कोड टूल अ‍ॅप मेकर जानेवारी 2021 मध्ये बंद झालं. व्हिज्युअल फॉक्सप्रोची 9 ही शेवटची व्हर्जन, तिचा सपोर्ट 2015 मध्ये संपला, तरी त्यावरची सॉफ्टवेअर नंतरही ठिकठिकाणी चालू राहिली कारण ती बदलायची कोणी आणि कशी. लो-कोडमधून डेटा एक्सेलमध्ये बाहेर येतो, त्याने फसू नका, नियम बाहेर येत नाहीत. झोहो क्रिएटरमधलं डेल्यूज (झोहोची स्वतःची भाषा) झोहोतच चालणार. म्हणून मी लो-कोड अ‍ॅप देताना प्रत्येक नियम साध्या मराठीत किंवा इंग्रजीत लिहून एक फाइल देतेच.

पण कोडवाल्यांनीही खूश होऊ नये. एका कंपनीत मी अशी परिस्थिती बघितली की आधीचा डेव्हलपर सोडून गेला, सोर्स कोड त्याच्या लॅपटॉपवर, सर्व्हरचा पासवर्ड कोणाला माहीत नाही, आणि चालू अ‍ॅपला हात लावायची हिंमत कोणाची होईना. मालकीच्या कोडचा काय उपयोग झाला मग? रिपॉझिटरी (कोड ठेवायची जागा) कंपनीच्या नावावर, बॅकअप परत लावून बघितलेला, आणि कोणी कुठली नोंद कधी बदलली याचा लॉग, हे तिन्ही नसेल तर लो-कोड परवडलं, तिथे निदान लॉगिन आणि परमिशन तरी कंपनीच्या अकाउंटला बांधलेली असते. आणि अ‍ॅप हिशोबाच्या वह्यांच्या कामात येत असेल तर लक्षात ठेवा, 1 एप्रिल 2023 पासून कंपन्यांच्या अकाउंटिंग सॉफ्टवेअरमध्ये ऑडिट ट्रेल, म्हणजे असाच बदलांचा लॉग, सक्तीचा आहे, तो बंद करता येत नाही असाच पाहिजे.

आता शिकायचं काय. आधी एसक्यूएल (डेटाबेसला प्रश्न विचारायची भाषा), आणि नुसतं सिलेक्ट स्टार नाही, जॉइन, ग्रुप बाय, ट्रान्झॅक्शन, नॉर्मलायझेशन, हे पक्कं झालं की दोन्हीकडे नोकरी मिळते, कारण लो-कोडमध्ये सुद्धा टेबलं चुकली की सगळं चुकतं. मग एक भाषा नीट, पायथन घ्या किंवा सी शार्प. त्याच्यानंतर एक प्लॅटफॉर्म. पॉवर अ‍ॅप्सचा डेव्हलपर प्लॅन फुकट मिळतो, त्यात डेटाव्हर्सवर सराव होतो, पीएल-900 ही मायक्रोसॉफ्टची सुरुवातीची परीक्षा आहे, दिली तर रेझ्युमे उचलला जातो, पण इंटरव्ह्यूत मी त्यावर एकही प्रश्न विचारत नाही, मी जॉबवर्कचं वरचं उदाहरण देते आणि टेबलं काढायला सांगते.

त्यामुळे सराव म्हणून हेच करा. ओळखीतलं एखादं वर्कशॉप, कोणाच्या मामाचं, काकाचं, गाठा, एक दिवस स्टोअरमध्ये उभं राहा, चलन कोण फाडतं, कॉपी कुठे जाते, माल कमी आला तर पेनने कुठे लिहितात ते बघा, फोटो काढायचे तर विचारून काढा. मग तेच काम एकदा पॉवर अ‍ॅप्समध्ये करा आणि एकदा फ्रॅपे किंवा जँगोमध्ये. दोन्हीत 5000 खोट्या ओळी भरा, व्हेंडरप्रमाणे शिल्लक काढा आणि तोच आकडा एक्सेलच्या पिव्होटशी ताडून बघा. कुठे जुळला नाही आणि का, हे एका पानावर लिहून इंटरव्ह्यूला घेऊन या.