'ट्रान्सफर होतो' या दोन शब्दांनी माझे एक वर्ष घेतले

अमेरिकेत बारावीला बोर्डाची परीक्षा नसते, हे बहुतेकांना ठाऊक असते. मात्र नववी ते बारावी या हायस्कूलच्या चारही वर्षांच्या श्रेणी विद्यापीठाच्या प्रवेशासाठी पाहिल्या जातात, हे अनेक पालकांच्या उशिरा लक्षात येते. पुढची पदवी चार वर्षांची, साधारण १२० क्रेडिटची असते (क्रेडिट म्हणजे प्रत्येक विषयाला ठरवून दिलेले अभ्यासाचे एकक). मी कॅलिफोर्नियातला स्वस्त मार्ग निवडला: पहिली दोन वर्षे कम्युनिटी कॉलेजात, म्हणजे दोन वर्षांच्या स्थानिक सरकारी कॉलेजात, ६० क्रेडिट मिळवायचे आणि तिसऱ्या वर्षाला विद्यापीठात जायचे. १९६० च्या राज्याच्या उच्चशिक्षण आराखड्यापासून रुळलेली ही वाट खरोखर चांगली आहे, आणि हाती येणारी पदवी विद्यापीठाचीच असते.

मी अडकले ते कॅल्क्युलसमध्ये. आमच्या गावाकडच्या एका सीनियरने सांगितले, "कुठलाही कॅल्क्युलस घे, सगळे ट्रान्सफर होतात." म्हणून मी व्यवस्थापनाच्या विद्यार्थ्यांसाठी असलेला सोपा कॅल्क्युलस घेतला आणि त्यात 'ए' मिळवला. तो ट्रान्सफर होतही होता. म्हणजे त्याचे क्रेडिट ६० च्या बेरजेत धरले जात होते. पण मला संगणकशास्त्र हे मेजर, म्हणजे पदवीचा मुख्य विषय, घ्यायचे होते आणि त्यासाठी विज्ञान-अभियांत्रिकीचाच कॅल्क्युलस लागत होता. बेरजेत धरला जाणारा विषय मेजरसाठी चालेलच असे नाही, हा फरक मला तिसऱ्या सत्रात अर्ज भरायला बसल्यावर कळला. शिवाय हे विषय साखळीने येतात: पहिला कॅल्क्युलस झाल्याशिवाय दुसरा घेता येत नाही, आणि लिनिअर अल्जिब्रा त्याच्याही पुढे. एक विषय चुकला आणि वर्ष गेले. एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर प्रत्येक नियमित सत्रात किमान १२ क्रेडिट घ्यावेच लागतात, त्यामुळे गरज नसलेले विषयही मी परराज्याच्या दराने पैसे भरून घेतले. ते पैसे वडिलांचे होते, आणि त्याची टोचणी अजून गेलेली नाही.

तेव्हा सीनियरवर विसंबू नका. त्यांची माया खरी असते, पण त्यांचे मेजर वेगळे असते. कॉलेजच्या काउन्सेलरसमोर, म्हणजे विषयनिवडीच्या सल्लागारासमोर, बसल्यावर "हा विषय ट्रान्सफर होतो का?" असे विचारू नका, "या विद्यापीठात, माझ्या मेजरसाठी हा विषय धरला जातो का?" असे विचारा. सत्राच्या मध्येच एखादा विषय जड वाटला, तरी आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयाच्या परवानगीशिवाय तो सोडून १२ च्या खाली जाऊ नका, कारण तसे केल्यास व्हिसाचा दर्जाच धोक्यात येतो. एरवी घाबरण्यासारखे फार नाही. एखाद्या विषयात 'सी' आला म्हणून प्रवेशाची दारे बंद होत नाहीत.

इथली पदवी चार वर्षांची असल्यामुळे, भारतातून तीन वर्षांची पदवी घेऊन थेट एमएसला येणाऱ्यांनी ती चालते की नाही, हे अर्जाचे शुल्क भरण्याआधी त्या त्या विभागाला पत्र लिहून विचारावे.

कॅलिफोर्नियात कोणत्या कॉलेजचा कोणता विषय कोणत्या मेजरला चालतो, हे 'असिस्ट' या राज्याच्या अधिकृत संकेतस्थळावर विनामूल्य पाहता येते. तिथल्या याद्या वर्षानुसार बदलतात. आपल्या वर्षाची यादी छापून घ्या आणि काउन्सेलरच्या पहिल्याच भेटीत ती टेबलावर ठेवा.