गावातल्या प्लॉटिंगवर प्रायोगिक शॉर्ट फिल्म करायचीय? मग मुलाखती विसरा

पुण्याच्या आसपास कुठेही, सासवड म्हणा शिरूर म्हणा, शेतात कमान उभी राहते, फक्कीच्या रेघा पडतात, एनए (बिगरशेती) प्लॉटचा फ्लेक्स लागतो. यावर फिल्म करायची म्हटलं की सगळे आधी म्हाताऱ्या शेतकऱ्याला बांधावर बसवून रडवतात. नका करू. त्यापेक्षा सातबाऱ्यालाच बोलू द्या.

गट नंबर माहीत असेल तर महाभूलेख या सरकारी वेबसाइटवर उतारा फुकट बघता येतो. जुने फेरफार (जमिनीच्या हक्कबदलाच्या नोंदी), हस्तलिखित सातबारे हवे असतील तर आपले अभिलेख पोर्टलवर शोधा, फार मागे गेलात तर मोडी लिपीतलं काहीतरी हाती लागेल, मग वाचणारा गाठा. खरा माल दोन ठिकाणी असतो, एक म्हणजे इतर हक्काचा रकाना, सोसायटीच्या कर्जाचा बोजा, कुळाचं नाव, सामाईक विहीर वगैरे, आणि दुसरा नमुना बारा, म्हणजे पीकपाहणी. ती वर्षावर्षाने नुसती वाचत गेलं तरी, बाजरी, बाजरी, कांदा, पड, पड, अर्धी गोष्ट सांगून होते. आणि जमीन एनए झाली की नव्या उताऱ्यावर चक्क छापून येतं की आता नमुना बाराची गरज नाही!! यापेक्षा भारी शेवट तुम्हाला लिहिता येणार नाही, त्यामुळे लिहूच नका. वाचायला नट नको, गावातलंच कोणीतरी घ्या, सपाट आवाजात वाचू दे. फक्त नावं आणि गट नंबर गाळा, भावबंदकीच्या केसेस चालू असतात, आपल्या फिल्ममुळे कुणाची भांडणं पेटायला नकोत.

चित्राला एकच फ्रेम. जागा ठरवा, ट्रायपॉडच्या पायांखाली खुणा करून ठेवा, आणि पेरणीपासून रस्त्याची खडी पडेपर्यंत त्याच जागेवरून, त्याच लेन्सने, त्याच वेळी शूट करा. मोबाईल चालतो पण एक्सपोजर आणि फोकस लॉक केलेला हवा, नाहीतर कट जुळत नाहीत. आधीची वर्षं हवी असतील तर कॉम्प्युटरवरच्या गुगल अर्थमध्ये जुने उपग्रह फोटो असतात, बांध कधी गायब झाला ते दिसतं. ड्रोनचा मोह झालाच तर आधी डिजिटल स्काय या सरकारी ड्रोन पोर्टलचा नकाशा बघा, लोहगाव हवाई दलाचा तळ आहे, बराच भाग परवानगीशिवाय बंद असतो, २५० ग्रॅमच्या आतलं ड्रोन असलं तरी. मला विचाराल तर ड्रोन नकोच, वरून सगळी जमीन ब्रोशरसारखी दिसते.

आवाज वेगळा रेकॉर्ड करा: जेसीबीचा रिव्हर्सचा टीं टीं, बोअरची गाडी, फ्लेक्सची फडफड. माईकला वाऱ्याची फरची टोपी घालाच, उघड्या माळावर तिच्याशिवाय नुसती घरघर मिळते.

एडिटमध्ये संगीत टाकू नका, आठ-दहा मिनिटांत संपवा. पहिला शो फेस्टिवलला नको, त्याच गावात देवळाच्या मंडपात, अंधार पडल्यावर, आणि स्पीकर मात्र वेगळा न्या कारण प्रोजेक्टरच्या स्वतःच्या आवाजात मागच्या रांगेला काही ऐकू जात नाही.