सेटअप स्क्रिप्ट अर्ध्यावर तुटली तरी पुन्हा नीट चालली पाहिजे

पावसाळ्यात गोव्यातल्या सत्तरीत किंवा पेडण्यात वीज गेली की वायफायही जाते. नेमकी तेव्हा प्रकल्पाची बिल्ड सेटअप स्क्रिप्ट (कोड बांधायला लागणारी साधने उतरवून बसवणारी शेल फाइल) चालू असेल तर ती अर्ध्यावर तुटते. वीज आल्यावर पुन्हा चालवली की ‘सगळे आहे’ असे समजून ती पुढे सरकते आणि शेवटी लिंकरच्या (कोडचे तुकडे जोडून प्रोग्रॅम बनवणाऱ्या साधनाच्या) भलत्याच एररवर अडते. ओपन सोर्समध्ये नव्याने आलेला विद्यार्थी इथेच सोडून जातो, म्हणून दुरुस्ती इथून सुरू करा.

दोष बहुतेकदा एका अटीत असतो: फोल्डर दिसला की डाउनलोड वगळा. फोल्डर अर्धवट उलगडलेला असू शकतो, हे ती अट तपासतच नाही. त्याऐवजी फाइल तात्पुरत्या नावाने उतरवा, तिचा शा-२५६ चेकसम (फाइलच्या मजकुरावरून काढलेला, ओळख पटवणारा आकडा) स्क्रिप्टमध्ये लिहून ठेवलेल्या चेकसमशी जुळवा, तात्पुरत्या फोल्डरात उलगडा आणि सगळे जमल्यावरच ‘एमव्ही’ या नाव बदलणाऱ्या कमांडने खरे नाव द्या. हा तात्पुरता फोल्डर प्रकल्पाच्या आतच ठेवा. ‘/टीएमपी’ हा सिस्टिमचा तात्पुरता फोल्डर अनेकदा वेगळ्या फाइलसिस्टिमवर असतो; तिथून हलवताना नाव बदलत नाही, एकेक फाइल कॉपी होते, आणि तीही मध्येच तुटू शकते.

डाउनलोड करणाऱ्या कर्ल कमांडला ‘-एफ’ द्या. नाहीतर ४०४ चे (‘फाइल सापडली नाही’ सांगणारे) एचटीएमएल पान संग्रह-फाइल म्हणून साठते आणि ती उलगडणारी टार कमांड ‘हे जीझिप नाही’ म्हणत थांबते. तुटलेले डाउनलोड जिथून थांबले तिथून पुढे नेण्यासाठी कर्ललाच कॅपिटल ‘-सी’ आणि त्यापुढे एक डॅश द्या. महागड्या मोबाइल डेटावर काम करणाऱ्याला याची किंमत कळते.

स्क्रिप्टच्या सुरुवातीला ‘सेट -ई’ (कमांड फसली की थांबा), ‘-यू’ (न भरलेले व्हेरिएबल ही चूक माना) आणि ‘पाइपफेल’ (पाइपमधली कुठलीही कमांड फसली तरी अपयश माना) हवेतच, पण त्यांच्यावर विसंबू नका. ‘इफ’च्या अटीत ‘-ई’ लागू होत नाही. ‘लोकल’ने व्हेरिएबल घोषित करताना त्याच ओळीत कमांडचा निकाल भरला, तर कमांडचे अपयश गिळले जाते. दोन ओळी करा.

मॅकसोबत येणारे बॅश (स्क्रिप्ट चालवणारे शेल) अजून ३.२ आहे: ओळी ॲरेत भरणारी ‘मॅपफाइल’ कमांड नाही, नावाने मूल्य शोधणारे असोसिएटिव्ह ॲरे नाहीत. फाइल जागच्या जागी बदलणाऱ्या ‘सेड -आय’ला तिथे बॅकअपचे एक्स्टेन्शन द्यावे लागते, रिकामे का असेना. विंडोजवर गिटने ओळींचे शेवट बदलले, तर डब्ल्यूएसएलमध्ये (विंडोजच्या आत चालणाऱ्या लिनक्समध्ये) बॅशच सापडत नाही असा संदेश येतो; म्हणून ‘.गिटॲट्रिब्यूट्स’मध्ये शेल फाइलींसाठी ‘ईओएल=एलएफ’ लिहा. मार्गात ‘माझे प्रकल्प’सारखा मोकळी जागा असलेला फोल्डर असतोच, तेव्हा प्रत्येक व्हेरिएबल दुहेरी अवतरणात. शेलचेक हे स्क्रिप्टमधल्या चुका शोधणारे साधन यातले बरेच पकडते.

‘सुडो’ने (ॲडमिनच्या अधिकाराने) परस्पर पॅकेजे बसवू नका. काय काय नाही याची पूर्ण यादी एकदाच छापा आणि थांबा. कॉलेजच्या लॅबमध्ये विद्यार्थ्याकडे ॲडमिनचा पासवर्ड नसतो.

तपासणी कोऱ्या डॉकर कंटेनरमध्ये (संगणकातल्या वेगळ्या, स्वच्छ वातावरणात) करा. एकदा पूर्ण चालवा, लगेच पुन्हा चालवा. मग नव्या कंटेनरमध्ये डाउनलोड चालू असतानाच कंट्रोल-सी दाबून ती तोडा आणि पुन्हा सुरू करा. ही तिसरी फेरी सीआयमध्येही (प्रत्येक बदलावर आपोआप होणाऱ्या चाचण्यांतही) बसवा. पुल रिक्वेस्ट (बदल प्रकल्पात घेण्याची विनंती) मात्र एका दुरुस्तीला एक: चेकसम आणि मॅकची सुसंगतता एकत्र पाठवली, तर तपासणाऱ्याकडे मॅक नसल्यामुळे दोन्ही अडकून पडतात.