उघड्यावर पहिला चेलो कॉन्चेर्टो वाजवताना

उन्हाळ्यात मोकळ्या मैदानावर ऑर्केस्ट्राबरोबर पहिल्यांदाच कॉन्चेर्टो, म्हणजे एका सोलो वाद्यासाठी आणि ऑर्केस्ट्रासाठी लिहिलेली रचना, चेलोवर वाजवायचा असेल, तर एक गोष्ट आजच ठरवून टाक: जोर लावायचा नाही. मी वर्षानुवर्षं ऑर्केस्ट्रात चेलोच्या शेवटच्या डेस्कवर, म्हणजे अगदी मागच्या जागेवर, बसत आलोय. तिथून सोलोइस्टचा चेहरा दिसत नाही, पण उजवा खांदा नीट दिसतो. बाहेरच्या कार्यक्रमात पहिल्या काही बारमध्येच (आवर्तनांतच) तो खांदा कानाकडे चढायला लागतो आणि उत्तम तयारीचं पोर ओरडून वाजवायला लागतं.

असं होतं, कारण सभागृहात तुझ्या आवाजाचा मोठा वाटा भिंती तुला परत देतात. मैदानात भिंती नाहीत. अंतर दुप्पट झालं की आवाज साधारण ६ डेसिबलने पडतो आणि गेलेला परत येत नाही. मंचामागचं कवच वरचे सूर थोडेफार परतवतं. पण सी तारेचा, म्हणजे सगळ्यांत खालच्या तारेचा, मोकळा सूर ६५ हर्ट्झच्या आसपासचा, त्याची एक लाट पाच मीटरहून लांब, तो त्या कवचाला फारसा जुमानत नाही. म्हणून तुला सी तार मेल्यासारखी वाटेल. वाटू दे. बो, म्हणजे तारांवर फिरवायचा गज, दाबलास की तारेचा सूर उतरतो, खरखर वाढते, आणि माईक ती खरखर शेवटच्या रांगेपर्यंत इमानदारीने पोचवतो. आवाज हवाच असेल तर बोची जागा घोडीकडे (तारा जिच्यावर टेकतात त्या लाकडी पट्टीकडे) किंचित सरकव, खांदा खालीच राहू दे. याचा सराव आत्तापासून कर: गाद्या, पडदे, कपडे भरलेल्या खोलीत वाजव, जिथे काहीच घुमत नाही. फोन शक्य तितका लांब ठेवून रेकॉर्ड कर. जवळून कोरडा वाटणारा सूर लांबून किती भरीव येतो, ते ऐकल्याशिवाय पटत नाही.

कोणता कॉन्चेर्टो, हे बहुधा आयोजक ठरवतात, पण विचारलंच तर बोलायला मुद्दे असू देत. सॅं-साँ या संगीतकाराचा ए मायनर (ओपस ३३, १८७२) वीसेक मिनिटांचा, म्हणून उन्हाळी कार्यक्रमांना आवडतो. पण त्यात ऑर्केस्ट्राचा एक ठोका पडतो आणि लगेच तुझी एन्ट्री, शिवाय तिन्ही भाग सलग. तार उतरली तर लावायला जागा शोधावी लागते. मधल्या मिन्युएटसारख्या भागात ऑर्केस्ट्राच्या तारवाद्यांवर म्यूट (आवाज दबवणारे चिमटे) असतात, तो भाग बाहेरच्या गलक्यात सहज हरवतो. ड्वोरझाकच्या कॉन्चेर्टोत उलटं. तुझा पहिला सूर येईपर्यंत तीनेक मिनिटं ऑर्केस्ट्राच वाजत असतो. तितका वेळ उन्हात किंवा दिव्यांखाली बसून हात कोरडे ठेवायचे, हे वेगळंच काम. एल्गारचा तर चेलोनेच सुरू होतो, एकट्याने. मला विचारशील तर पहिल्या वेळेला हायडनचा सी मेजर. साथीला तारवाद्यं, दोन ओबो, दोन हॉर्न, बस. सुरुवातीच्या ऑर्केस्ट्राच्या भागात हळूच तारा तपासून घेता येतात आणि तीन भागांच्या मध्ये श्वास मिळतो. (हा कॉन्चेर्टो १९६१ साली प्रागमध्ये सापडेपर्यंत हरवलेलाच होता.) मैदानात लोक दोन भागांच्या मध्ये टाळ्या वाजवतात. नाक मुरडू नकोस, त्या टाळ्यांखाली ए तार, म्हणजे सगळ्यांत वरची, लावून घे.

आता सूर लावण्याबद्दल, कारण खरी मारामारी इथेच होते. उष्णतेने तारा सैल पडून उतरतात आणि बासरी, ओबो, क्लॅरिनेट वर चढतात. म्हणजे दुपारच्या तालमीत तुम्ही दोघं एकमेकांपासून लांब पळत असता. संध्याकाळी हवा थंडावली की दोघं उलट दिशेने निघतात. वर मंचावरचे दिवे पेटले की तुझ्यावर पुन्हा ऊन. यावर उपाय असा: निघण्याआधी खालच्या फाइन ट्यूनरचे (सूर बारीक बदलणारे) चारही स्क्रू मध्यावर आणून ठेव आणि सूर वरच्या खुंट्यांनी लाव. मग मंचावर स्क्रूला दोन्हीकडे फिरायला जागा उरते. स्क्रू तळाला टेकलेला असला आणि ओबोचा ए, ज्यावर सगळे सूर लावतात, तुझ्यापेक्षा वर आला, तर भर मंचावर खुंटी पिळावी लागेल, आणि दमट हवेत फुगलेली खुंटी एकदम उडी मारते. चेलो केसमधून निदान अर्धा तास आधी काढ आणि मंचाशेजारी सावलीत, हवेत राहू दे. थंड खोलीतून थेट मंचावर आणलास तर पहिला भाग संपेपर्यंत तो सरकतच राहतो.

खुर्ची आणि एंडपिन (चेलो जमिनीवर टेकवायची खालची सळई) यांची चौकशी फोनवरच कर. भाड्याच्या मंचाचे फळे अनेकदा गुळगुळीत असतात, तिथे एंडपिनचं रबरी बूच टिकत नाही. एंडपिन धरून ठेवणारा, खुर्चीच्या पायाला अडकवायचा पट्टा जवळ असू दे. खुर्ची सपाट बैठकीची माग, मागे उतरती नको. आणि एक गोष्ट न लाजता माग: सोलोइस्टसाठी आतून पोकळ असलेला लाकडी चौथरा. एंडपिनमधून कंपनं त्यात उतरतात आणि मघाशी मेल्यासारख्या वाटलेल्या त्या सी तारेला खालून थोडं बळ मिळतं.

माईकला घाबरू नकोस. चेलोला बहुधा घोडीखालच्या तारांवर चिमट्याने बसणारा छोटा माईक लावतात. तो तुझा श्वास, शर्टाचं बटण, फिंगरबोर्डवर आपटलेलं बोट, सगळं ऐकतो. कार्यक्रमाच्याच कपड्यांत साउंडचेक कर. सर्वांत हळू आणि सर्वांत मोठी, अशा दोन्ही जागा वाजवून दाखव, नुसती मधली नको. साउंडवाल्याकडे मॉनिटरमध्ये (तुझ्याकडे तोंड केलेल्या स्पीकरमध्ये) स्वतःचा आवाज थोडाच माग, लाकडी फुंकवाद्यं जास्त. ती तुझ्यापासून दहा-पंधरा मीटर मागे असली तर त्यांचा सूर तुझ्यापर्यंत तीस-चाळीस मिलिसेकंद उशिरा येतो. समोर इमारत असेल तर तुझाच आवाज आणखी उशिरा परत येईल. कानावर विसंबून वाजवलंस की लय ओढली जाते. कंडक्टरची काठी बघ.

बाहेरच्या कार्यक्रमाला तालीम नेहमीच तोकडी मिळते. एल्गारच्या कॉन्चेर्टोचा पहिलाच प्रयोग, १९१९ साली लंडनमध्ये, अपुऱ्या तालमीमुळे फसला होता, आणि तिथे तर संगीतकार स्वतः काठी घेऊन उभा होता. त्यामुळे कंडक्टरला आधी भेटून तीन-चार अवघड सांधे तोंडी ठरवून घे: कुठे थांबायचं, कुठे कोण कोणाची वाट बघणार.

वाऱ्याची काळजी ऑर्केस्ट्राला जास्त, आम्ही पानांना चिमटे लावतो. तुला पाठ असेलच. तुझी अडचण घाम. डावा हात चेलोच्या मानेला चिकटला की वरच्या जागांवर सरकताना तो अडतो. कोरडं सुती फडकं मांडीवर ठेव आणि हात, मान, तारा तिन्ही पूस. दमटपणात बोचे केस लांबतात, आटे संपेपर्यंत स्क्रू फिरवूनही बो सैलच राहतो. दुसरा बो असेल तर सोबत घे, कार्बन फायबरचा असला तर उत्तमच.

चेलो थेट उन्हात नको, एक मिनिटसुद्धा. व्हार्निश मऊ पडतं, आणि फळ्या जोडणारा सरस उष्णतेने सुटतो. बंद गाडीत तर कधीच ठेवू नकोस. पाऊस आणि उन्हाच्या अटी आधी लेखी ठरवून घे. अनेक ऑर्केस्ट्रांच्या करारात तापमानाची मर्यादा असते, मग सोलोइस्टने गप्प का राहायचं? थेंब पडला की उठायचं. वाईट वाटून घेऊ नकोस, तेव्हा आम्ही सगळे उठलेलोच असू.

वाजवून झाल्यावर बो सैल कर, तारांवरचा घाम आणि बोची राळ पुसून काढ, मगच फोटो. दुसऱ्या दिवशी चेलोच्या कडेने बोटाच्या पेराने टकटक करत फीर. एखाद्या ठिकाणी आवाज पोकळ, खुळखुळा आला तर सांधा उघडलाय. तारा थोड्या सैल करून कारागिराकडे ने, घरचा डिंक लावू नकोस.