कॅसेट संगणकावर घेताना लेव्हल किती ठेवावी?

कॅसेट संगणकावर उतरवायला बसलेला नवखा माणूस लेव्हलचा, म्हणजे आवाजाच्या पातळीचा, मीटर शून्याला भिडवायला बघतो. ही सवय कॅसेट डेकची, आणि तिथे ती रास्तच होती. टेपची खरखर मुळातच मोठी, म्हणून रेकॉर्डिंग जोरात केलं की ती दबायची. सुई लाल पट्ट्यात गेली तरी टेप आवाज हळूहळू चेपायची, कानाला फारसं खुपायचं नाही. संगणकात शून्य डेसिबलच्या वर काहीच नाही. त्यापलीकडचा आवाज सपाट कापला जातो आणि तो परत मिळत नाही.

म्हणून मी टेपवरचा सर्वांत मोठा आवाज उणे 12 ते उणे 6 डेसिबलच्या दरम्यान ठेवतो. एवढी जागा सोडली तर दर्जा घसरेल, ही भीती मला नव्या मंडळींकडून हमखास ऐकू येते. हिशेब बघा: नॉइज रिडक्शन (खरखर कमी करण्याची सोय) नसलेल्या साध्या कॅसेटमध्ये खरखर आणि सर्वांत मोठा आवाज यांत साधारण 50 ते 60 डेसिबलचं अंतर असतं, तर 16 बिट रेकॉर्डिंगला (बिट म्हणजे आवाज किती बारकाईने नोंदवायचा याचं माप) सुमारे 96 डेसिबल मिळतात. वरची दहा सोडली तरी टेपची खरखर संगणकाच्या खरखरीपेक्षा बरीच वर राहते. 24 बिट निवडता आलं तर तेच निवडा, मग या काळजीचं कारणच उरत नाही.

खरा धोका जोडणीत असतो. डेकचं लाइन आउट (आवाज बाहेर देणारी जोडणी) संगणकाच्या किंवा यूएसबी इंटरफेसच्या (संगणकात आवाज घेणारी बाहेरची डबी) लाइन इनला जोडावं. लॅपटॉपचं माइकचं भोक फार बारीक सिग्नलसाठी असतं, शिवाय बऱ्याचदा मोनो. तिथे लाइन आउट खुपसलं तर आवाज आतल्या अॅम्प्लिफायरमध्येच फाटतो. मग तुम्ही स्लायडर खाली ओढता, मीटर उणे 6 दाखवतो, सगळं ठीक वाटतं. ऑडॅसिटी या रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये तो भाग पुरता मोठा करून बघा: लाटांची टोकं गोलसर असायला हवीत. ती एकाच उंचीवर सुरीने छाटल्यासारखी सपाट दिसली, तर मीटर काहीही म्हणो, रेकॉर्डिंग फाटलेलं आहे.

लेव्हल लावण्याआधी डेकचं हेड (टेप वाचणारा भाग) आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. मळलेल्या हेडवर आवाज दबका येतो. नंतर पुसलंत तर तो वाढतो आणि लावलेली लेव्हल बिघडते. डॉल्बी, म्हणजे डेकवरचं नॉइज रिडक्शन, चालू ठेवायचं की बंद, हेही आधीच ठरवा. संगणकातली आपोआप आवाज सांभाळणारी सोय बंद करा. बोलणारा जरा थांबला की ती खरखर वर उचलते.

मग टेपचा सर्वांत जोराचा भाग शोधा: टाळ्या, हशा, गाण्याचा शेवट. घरगुती टेपांमध्ये रेकॉर्डिंग सुरू-बंद करतानाचा 'टक्क' आवाज सगळ्यांत उंच जातो. लेव्हल त्याच्यावरून ठरवू नका, नाहीतर आजीचा आवाज त्या एका बटणापायी विनाकारण खोल जाईल. टक्क कापला गेला तर जाऊ द्या. दुसऱ्या बाजूला मात्र लेव्हल नव्याने तपासा. ती बाजू वेगळ्या दिवशी, वेगळ्या यंत्रावर भरलेली असू शकते.

आवाज वाढवणं, खरखर कमी करणं हे सगळं नंतर, आणि तेही प्रतीवर. मूळ वेव्ह फाइल जशी आली तशीच जपून ठेवा.