हरिकेन सीझनसाठी घरात गन घ्यायची असेल तर कशी निवडायची

2017 साली गणेश चतुर्थी 25 ऑगस्टला होती आणि त्याच रात्री हार्वे वादळ टेक्सासच्या रॉकपोर्टजवळ किनाऱ्याला धडकलं. पुढचे काही दिवस ह्यूस्टनमध्ये 911 ला फोन केला तरी कोणी वेळेवर पोचेल याची खात्री नव्हती, कित्येकांना बाहेर काढलं ते शेजाऱ्यांनी आणि लुइझियानाहून स्वतःच्या बोटी घेऊन आलेल्या कॅजून नेव्ही नावाच्या स्वयंसेवकांनी. मग 2021 च्या फेब्रुवारीत थंडीनं ग्रिड झोपलं, 2024 च्या जुलैत बेरिल वादळ आलं आणि वीस लाखांहून जास्त कनेक्शनांची लाइट गेली. तेव्हापासून मंडळाच्या कार्यक्रमात जेवणाच्या लाइनीत उभं असताना कोणीतरी विचारतंच, घरात गन ठेवावी का, आणि ठेवायची तर कुठली. तर नीट सविस्तर लिहिते. मी टेक्सास धरून लिहितेय, बाकीच्यांनी आपापल्या स्टेटचे नियम बघा, कारण न्यू जर्सीत आधी परमिटं काढावी लागतात आणि कॅलिफोर्नियात पैसे भरल्यावरसुद्धा दहा दिवस थांबावं लागतं, म्हणजे वादळ गल्फमध्ये शिरल्यावर दुकानात धावून काही होत नाही.

सगळ्यात आधी हे, की गन यादीत खाली येते. माणशी दिवसाला एक गॅलन पाणी, महिन्याची औषधं, रेडिओ, टॉर्च, आणि जनरेटर असेल तर बॅटरीवर चालणारा कार्बन मोनॉक्साइड अलार्म. 2021 च्या थंडीत माणसं मेली ती गारठून आणि बंद गॅरेजमध्ये गाडी चालू ठेवून, घरात कोळसे पेटवून. चोर-लुटारूंची भीती मोठी वाटते पण खरा घात तिथे होतो. हे सगळं घेऊन झालं असेल तरच पुढे वाचा.

आता व्हिसा, कारण आपल्या लोकांचं इथेच चुकतं. एच-वन, एल-वन, एफ-वन, एच-फोर, म्हणजे नॉन-इमिग्रंट व्हिसावर असाल तर फेडरल कायद्यानं तुम्हाला गन बाळगता येत नाही, गोळ्यासुद्धा नाही. व्हॅलिड हंटिंग लायसन्स असलं तर अपवाद आहे, पण त्या जोरावर काही करायचं तर आधी वकिलाला विचारा, दुकानदार सांगतो म्हणून करू नका, कारण हा फेलनी, म्हणजे गंभीर गुन्हा आहे आणि ग्रीन कार्ड कायमचं जाऊ शकतं. ग्रीन कार्ड किंवा सिटिझनशिप असेल तर घेता येते. दुकानात गन घेताना फॉर्म 4473 हा फेडरल फॉर्म भरावा लागतो, त्यात गांजा ओढता का असं थेट विचारलेलं असतं आणि स्टेटमध्ये लीगल असला तरी फेडरलमध्ये नाही हेही तिथेच छापलेलं असतं, खोटं लिहिणं हाच वेगळा गुन्हा. नवरा सिटिझन आणि बायको एच-फोरवर अशी घरं भरपूर आहेत, तिथे सेफची चावी आणि कोड फक्त ज्याला परवानगी आहे त्याच्याकडेच. इंडियातून सहा महिन्यांसाठी आलेले आई-बाबाही त्यातच आले.

आता निवड. यूट्यूबवर कॅलिबरवरून (म्हणजे गोळीच्या मापावरून) जी भांडणं चालतात ती सोडून द्या. घरात जी कोणी कायद्यानं वापरू शकतात त्यातल्या सगळ्यात लहान हाताच्या, कमी ताकदीच्या माणसाला जी नीट चालवता येते ती गन घ्यायची. आणि कॅलिबर असं की ज्याच्या गोळ्या कुठल्याही गावातल्या वॉलमार्टमध्ये किंवा छोट्या दुकानात मिळतील. 2020 च्या मार्चमध्ये कोव्हिडला सगळे एकदम धावले तेव्हा शेल्फ रिकामी झाली होती, तरी पुढे माल यायला लागला तेव्हा पिस्तुलाच्या नऊ मिलिमीटर आणि रायफलच्या 5.56 च्या गोळ्या आधी आल्या, भलतं काहीतरी घेतलेले लोक बसून राहिले.

बहुतेक दुकानदार पहिली शॉटगन, म्हणजे छर्रे उडवणारी लांब गन दाखवतात. पंप ॲक्शन (पुढचा दांडा मागे-पुढे ओढून पुढचं शेल, म्हणजे काडतूस, भरायची), मॉसबर्ग 500 किंवा त्याच कंपनीची मॅव्हरिक 88, ही दुसरी तर साधारण अडीचशे-तीनशे डॉलरला मिळते. पैशांच्या मानानं हिच्याइतकं दुसरं काही मिळत नाही हे खरंय. पण 12 गेज (गेज म्हणजे नळीचं माप, आकडा लहान तितकी नळी जाड) खांद्याला चांगला दणका देते, आणि स्टॉक, म्हणजे खांद्याला टेकवायचा दस्ता, सहा फुटी माणसाच्या मापाचा असतो. दुकानात हे करून बघा: गन रिकामी आहे ना ते सेल्समनकडून बघून घ्या, स्वतः बघा, मग कोपर नव्वद अंशात वाकवून स्टॉकचा मागचा भाग कोपराच्या वळणात टेकवा आणि तर्जनी ट्रिगरच्या दिशेनं न्या. बोटाचं पहिलं पेर आरामात पोचलं तर माप बरोबर. माझी उंची पाच फूट एक आहे, माझं बोट नेहमीच्या स्टॉकला नुसतं ट्रिगरभोवतीच्या गार्डपर्यंत पोचतं, तसंच ओढून धरलं तर स्टॉक खांद्यावरून घसरून दंडावर येतो आणि तिथे दणका बसला की काळंनिळं होतं. अशांसाठी 20 गेजची यूथ मॉडेल असतात, नाव यूथ असलं तरी मोठ्या बायकांनी बिनधास्त घ्यावीत, काही कमी पडत नाही. पंपाचं एक मात्र सांगते, घाबरलेला माणूस पंप पूर्ण मागे ओढत नाही, अर्धवट ओढतो आणि शेल अडकतं. प्रॅक्टिस करणार नसाल तर पंप घेऊ नका.

पिस्तूल. वादळात घर सोडून जायचं असेल तर शॉटगन गाडीत नेणं अवघड, पिस्तूल छोट्या लॉकबॉक्ससकट बॅगेत बसतं. नऊ मिलिमीटरच घ्या. पण पर्समध्ये मावेल असं पिटुकलं बघून भुलू नका, जितकं छोटं आणि हलकं तितकं हातात उडतं आणि तितका नेम चुकतो. ग्लॉक 19 या मध्यम पिस्तुलाच्या मापाचं घरासाठी योग्य, पंधरा गोळ्यांचं मॅगझिन येतं. स्लाइड (पिस्तुलाचा वरचा सरकणारा भाग) ओढायला जड जाते अशी तक्रार असेल तर मूठ धरलेला उजवा हात पुढे ढकला आणि स्लाइड धरलेला डावा मागे ओढा, दोन्ही एकदम, नुसती बोटांनी चिमटीत धरून ओढली तर पैलवानालाही जड जाते. तरीही जमत नसेल, संधिवात असेल, तर स्मिथ अँड वेसनचं शील्ड ईझी मुद्दाम हलक्या स्लाइडचं बनवलेलं आहे. रिव्हॉल्व्हर सोपं म्हणून म्हाताऱ्या माणसांना सुचवतात, पण त्याचा ट्रिगर खूप जड असतो, दुखऱ्या बोटांना तोच आधी त्रास देतो, तेव्हा रेंजवर (नेमबाजीच्या जागी) भाड्यानं घेऊन झाडून बघितल्याशिवाय घेऊ नका.

रायफलबद्दल, म्हणजे एआर-15. नाव ऐकूनच आपल्याकडे लोक दचकतात, पण खांद्याला टेकवून धरायची असल्यानं नवख्या माणसाचा नेम पिस्तुलापेक्षा हिच्यानं चांगला बसतो, दणका कमी, स्टॉक आखूड-लांब करता येतो. बंद खोलीत आवाज मात्र कान फाडणारा, जवळ इलेक्ट्रॉनिक इयरमफ हवेतच. आणि शिकायला काय घ्यावं असं विचाराल तर रुगर 10/22, 1964 पासून चालू असलेलं मॉडेल, गोळ्या सगळ्यात स्वस्त, तासभर झाडल्या तरी खिशाला आणि खांद्याला काही वाटत नाही.

माझं मत विचाराल तर पहिली आणि एकच गन घेणार असाल तर नऊ मिलिमीटरचं मध्यम पिस्तूल, आणि उरलेले पैसे क्लासला आणि रेंजवर घालवा. दोनतीन गन घेऊन एकही धड न येणं याला काही अर्थ नाही. टेक्सासमध्ये 2021 पासून बहुतेकांना हँडगन कॅरी करायला लायसन्स लागत नाही, तरी लायसन्सचा क्लास करा, जागेवर कायदाही कळतो आणि इतर बऱ्याच स्टेटमध्ये ते चालतं.

भिंतींचं कोणी सांगत नाही. इथली घरं म्हणजे लाकडाचा सांगाडा आणि ड्रायवॉलचे पातळ तक्ते, माणसाला थांबवू शकणारी जवळजवळ प्रत्येक गोळी त्यातून आरपार जाते, शॉटगनचे मोठे छर्रे म्हणजे बकशॉटसुद्धा. तेव्हा आधीच घरात फिरून बघा, पोरं कुठल्या खोलीत झोपतात, शेजाऱ्यांची बेडरूम कुठल्या बाजूला आहे, आणि कुठल्या दिशेला कधीही गन धरायची नाही ते ठरवून टाका. घरासाठी हॉलो पॉइंट (टोकाला पोकळ) गोळ्या, प्रॅक्टिसला साध्या, आणि हॉलो पॉइंटही आपल्या गनमध्ये एकदा झाडून बघायच्या, कधीकधी अडकतात.

आणि टॉर्च. लाइट गेलेल्या घरात टॉर्च गनच्या आधी हातात हवा, वेगळा हातातला, गनवर बसवलेला नाही, कारण गनवरच्या लाइटनं बघायचं म्हणजे समोर जो कोणी आहे त्याच्यावर गन रोखूनच बघायचं. डिझास्टरमध्ये दाराशी येणारा माणूस बहुतेक वेळा मदत मागायला किंवा द्यायला आलेला असतो, लाइनमन, बोटवाला, फोन चार्ज करू द्या म्हणणारा शेजारी. बॅटन रूजमध्ये 1992 साली सोळा वर्षांचा एक जपानी एक्स्चेंज स्टुडंट हॅलोविन पार्टीला जाताना चुकीच्या घरी गेला, घरमालकानं घाबरून गोळी झाडली, पोरगा गेला. 2005 च्या कट्रिना वादळानंतर न्यू ऑर्लिन्सच्या अल्जीयर्स पॉइंटमध्ये राखण करायला म्हणून गन घेऊन उभ्या राहिलेल्या काही गोऱ्या लोकांनी रस्त्यानं जाणाऱ्या काळ्या माणसांवर गोळ्या झाडल्या, त्यातल्या एकाला कितीतरी वर्षांनी दहा वर्षांची शिक्षा झाली. आपण सावळे, आपली पोरं संध्याकाळी हुडी घालून फिरतात, तेव्हा हे आपल्याला जास्त कळायला हवं. दार बंद ठेवा, आतून मोठ्यानं विचारा, टीव्ही-दागिने जाऊ देत, इन्शुरन्स आहे. जीव धोक्यात आहे आणि मागे सरायला जागा नाही तेव्हाच गन.

ठेवायची कशी. लोड केलेलं पिस्तूल उशाखाली किंवा कपाटात साड्यांच्या मागे, हे अजिबात नाही. बेडजवळ बोल्ट केलेला छोटा सेफ, शक्यतो मेकॅनिकल बटणांचा, इलेक्ट्रॉनिक असेल तर सीझनच्या आधी बॅटरी बदला. सतरा वर्षांखालच्या पोराच्या हाती गन लागेल अशी ठेवणं हा टेक्सासमध्ये गुन्हाच आहे. अमेरिकेत गननं होणाऱ्या मृत्यूंपैकी अर्ध्याहून जास्त आत्महत्या असतात, घरात कोणी डिप्रेशनमधून जात असेल, टीनएजर गप्प गप्प असेल, तर गन आणूच नका, असेल तर घराबाहेर ठेवायची सोय करा. हे मी सगळ्यात कळकळीनं सांगतेय.

घर सोडून निघायचं ठरलं तर गन रिकामी करून लॉकबॉक्समध्ये, गोळ्या वेगळ्या. रेड क्रॉसच्या शेल्टरमध्ये हत्यार चालत नाही, तेव्हा नातेवाइकांकडे जाणार की हॉटेलात हे आधी ठरवा आणि हॉटेलला फोन करून विचारा. टेक्सासमध्ये 2019 च्या कायद्यानं डिझास्टर एरियातून बाहेर पडणाऱ्याला सात दिवस लायसन्सशिवाय हँडगन नेता येते, पण स्टेट लाइन ओलांडली की तिथले नियम. कट्रिनात पोलिसांनी लोकांच्या गन काढून घेतल्या होत्या, त्यावरून इतका गदारोळ झाला की 2006 मध्ये फेडरल कायदा बदलून ते बंद केलं. सगळ्या गनचे सीरियल नंबर आणि पावत्यांचे फोटो क्लाउडवर असू देत.

मागे ठेवून जाणार असाल तर वरच्या मजल्यावर, गॅरेजच्या फरशीवर नको. एसी बंद झाला की ह्यूस्टनच्या दमट हवेत चारपाच दिवसांत गंज धरतो, सेफमधला इलेक्ट्रिक ड्रायरही लाइट गेल्यावर बंदच, म्हणून तेलाचा हात आणि सिलिका जेलची पाकिटं. गोळ्या रबर गास्केटच्या मिलिटरी डब्यात. पाण्यात बुडालेल्या गोळ्या वाळवून वापरू नका, आत ओल शिरली की गोळी बॅरलमध्येच अडकते आणि पुढची झाडली तर गन फुटते, पोलिसांना किंवा रेंजला विचारून देऊन टाका. गन बुडाली असेल तर ती रिकामी आहे याची खात्री करून आधी स्वच्छ पाण्यानं चिखल धुवा, कोरडी करा, तेल भरपूर लावा आणि गनस्मिथनं (गन दुरुस्त करणाऱ्यानं) उघडून बघितल्याशिवाय लोड करू नका.