लाल लघवी : आधी नमुना, मग इंजेक्शन

श्रावणापासून दिवाळीपर्यंतच्या दमट, उबदार हवेत गोचीड फोफावते. ती अंगावर चढली की दोन-तीन आठवड्यांत गोठ्यांतून एकच तक्रार ऐकू येऊ लागते : गाय काळ्या चहासारखी मुतते. जर्सी-होल्स्टीन संकरित गाईंना हा त्रास जास्त, देशी जनावरांना तुलनेने कमी. या दिवसांत नेहमीचे कारण म्हणजे गोचिडीतून रक्तात शिरलेला बबेसिया हा एकपेशीय परजीवी. तो तांबड्या पेशींत वाढतो आणि त्या फोडतो. फुटलेल्या पेशींतले हिमोग्लोबिन मूत्रपिंडातून लघवीत उतरते. पण लाल लघवी म्हणजे बबेसियाच असे धरून चालू नका. कारण वेगळे निघाले तर औषधही पूर्ण वेगळे लागते.

नमुन्यासाठी पारदर्शक, रुंद तोंडाची, कोरडी बाटली घ्या. औषधाची किंवा शीतपेयाची जुनी बाटली नको. आत राहिलेल्या अंशांमुळे, लघवीत बुडवून रंग पाहायच्या पट्टीची तपासणी चुकते. गरम पाण्याने धुऊन उन्हात वाळवलेली काचेची बरणी चालेल. बसलेली गाय उठवा, उठल्यावर ती बहुधा लगेच मुतते. नाही मुतली तर योनीखाली, कासेच्या वरच्या भागावर तळहाताने हळुवार चोळत राहा. पहिली धार जाऊ द्या, मधल्या धारेतील 50 ते 100 मिली भरा. फरशीवर सांडलेली लघवी बाटलीत भरून आणू नका, त्यात शेण मिसळलेले असते. हातात मोजे हवेतच. लेप्टोस्पायरोसिसमध्येही लघवी लाल होते आणि ते जंतू हातापायांच्या चिरांतून माणसाच्या शरीरात शिरतात. कोकणातल्या भातखाचरांत राबणाऱ्यांनी तर याबाबत जराही ढिलाई करू नये.

बाटलीवर जनावराचा बिल्ला क्रमांक, वेळ आणि ताप लिहा. मग ती न हलवता तासभर सावलीत ठेवा. तांबडा गाळ तळाशी बसून वरचे पाणी पिवळसर निवळले, तर लघवीत अख्ख्या रक्तपेशी आहेत. म्हणजे मूत्राशयातली किंवा मूत्रमार्गातली जखम, खडा, सूज असे काही शोधावे लागेल. सगळी बाटली एकसारखी लाल-तपकिरी राहिली, तर पेशी शरीरातच फुटत आहेत, आणि बबेसियाचा संशय बळावतो. हे एक-दोन तासांतच पाहा. गाईची लघवी अल्कधर्मी असते. फार वेळ ठेवली तर पेशी बाटलीतच फुटतात आणि निष्कर्ष उलटा निघतो. रंगाची पट्टी बुडवून हा फरक कळत नाही, ती दोन्हींत ‘रक्त आहे’ एवढेच दाखवते. दवाखाना लांब असेल तर नमुना बर्फाच्या डब्यातून न्या.

इथे एक गोष्ट नीट समजून घ्या. बबेसिया स्वतः लघवीत दिसत नाही, दिसते ते त्याने केलेले नुकसान. माणसांत लघवीतून परजीवीची अंडीच सापडतात असा एक आजार आहे, शिस्टोसोमियासिस. रत्नागिरी जिल्ह्यातील गिमवी गावात तो 1952 च्या सुमारास आढळल्याची नोंद आहे. गाईच्या या आजारात मात्र परजीवी शोधायचा तो रक्तातच. म्हणून लघवीच्या बाटलीसोबत रक्ताची काचपट्टी पाठवायलाच हवी. कानाच्या टोकाशी टोचून निघालेल्या थेंबाचा पातळ थर काचेवर ओढतात, हवेत वाळवतात, मिथेनॉलमध्ये पक्का करून गिम्सा रंग देतात. सूक्ष्मदर्शकाखाली तांबड्या पेशीत नासपतीच्या आकाराची जोडी दिसली की निदान पक्के. काचपट्टी बनवताना फुंकर मारू नका, ऊब देऊ नका, माश्या बसू देऊ नका.

हे सगळे इंजेक्शनच्या आधी करायचे. सर्वांत जास्त चूक इथेच होते. औषध दिल्यावर रक्तातले परजीवी झपाट्याने घटतात, पण लघवी आणखी एक-दोन दिवस गडद राहू शकते. मग रक्ताची काचपट्टी कोरी येते आणि ‘हा बबेसिया नव्हताच’ असा गैरसमज होतो.

ताप मोजल्याशिवाय निदान करू नका. निरोगी गाईचे तापमान 101 ते 102.5 अंश फॅरनहाइट असते, बबेसियात ते 104 च्या वर जाते. व्यायल्यानंतर दोन ते चार आठवड्यांत भरपूर दूध देणाऱ्या म्हशीची लघवी लाल झाली आणि ताप मात्र नाही, तर आधी स्फुरदाची कमतरता तपासा. तिला शिरेतून सोडिअम ॲसिड फॉस्फेट लागते. बबेसियाचे इंजेक्शन देत बसलात तर मोलाचा दिवस जातो आणि म्हैस हातची जाऊ शकते. उसाच्या वाढ्यांवर जगवलेल्या जनावरांना गव्हाचा कोंडा आणि खनिज मिश्रण व्यायच्या आधीपासून द्यावे. थायलेरिया हा दुसरा आजारही गोचिडीमुळेच होतो, पण त्यात गाठी सुजतात आणि लघवी सहसा लाल नसते. त्यावरचे ब्युपार्व्हाक्वोन बबेसियावर चालत नाही.

बबेसियावर डिमिनाझिन किंवा इमिडोकार्ब देतात. मात्रा वजनावर ठरते, म्हणून ती पशुवैद्यकांनीच द्यावी. औषध दिल्यावर किती दिवस दूध विकायचे नाही हेही त्यांनाच विचारा. रक्त कमी झालेली गाय दवाखान्यापर्यंत चालवत नेऊ नका, वाटेतच कोसळेल. 1962 वर फोन करून फिरते पथक बोलवा, तोवर सावली आणि पाणी द्या.

ज्या गोठ्यात एक गाय आजारी, तिथल्या सगळ्या जनावरांची गोचीड काढा. बबेसिया मादी गोचिडीच्या अंड्यांतून पुढच्या पिढीत उतरतो आणि ती अंडी भिंतींच्या भेगांत, गव्हाणीखाली पडलेली असतात. गोचीडनाशक अमिट्राझ 12.5 टक्के असेल तर 1 लिटर पाण्यात 2 मिली घेऊन केसांच्या उलट दिशेने, कानात, शेपटीखाली, कासेच्या बेचक्यात फवारा. घोड्यावर हे औषध वापरू नका. आधी जनावराला पोटभर पाणी पाजा, दूध काढण्याआधी कास धुवा. भेगा सिमेंटने बुजवा. तीन आठवड्यांनी पुन्हा फवारणी करा, कारण तोवर नवी पिल्ले अंगावर चढलेली असतात.